अर्धेराव आणि न लिहिलेली चिठ्ठी

अर्धेरावांविषयी लिहायचं मी अनेकदा ठरवलं आणि दर वेळी टाळलं. कंपनीच्या जुन्या मंडळींच्या मेळाव्यात त्यांचं नाव निघालं की मी पाणी प्यायला उठत असे. कुणी विचारलंच, "ते सट्टेवाले अर्धेराव हल्ली कुठे असतात हो?" तर "असतील गावाकडे," म्हणून विषय बदलत असे. अर्धेरावांनी आयुष्यात सट्टा खेळला नाही. हे मला ठाऊक होतं, आणि नीट ठाऊक असलेला मी एकटाच होतो. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिने चढताना थांबतो. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. 'अर्धेराव' हे नाव ऑफिसनं ठेवलं, कारण हा माणूस सगळं अर्धं घ्यायचा. चहावाला कप भरू लागला की हात आडवा धरायचा. "अर्धाच. उरलेल्याचं मागनं बघू." डब्यातली भाकरीही आधी अर्धी मोडून ठेवायची, भूक राहिली तर उरलेली. पोरं हसायची. त्यांनाही ते नाव आवडलं असावं, कारण पुढे फोनवरसुद्धा ते "हां, अर्धेराव बोलतोय," म्हणू लागले.

आमची कंपनी गुजरातेत लहान-लहान विहिरींतून तेल आणि गॅस काढायची. गॅसचा भाव बराचसा ठरलेला असे. खरी धाकधूक तेलाची. विहीर आमची, खर्च आमचा, पण भाव ठरणार साऱ्या दुनियेत. आज खणायला घेतलं आणि तेल हाती येईपर्यंत भाव निम्म्यावर आला तर पगार कुठून द्यायचे? म्हणून पुढच्या वर्षीच्या तेलाचा भाव आजच बँकेशी बांधून ठेवायचा. बाजार त्याखाली गेला तर फरक बँक आम्हाला देणार, वर गेला तर आम्ही बँकेला. वर गेल्यावर आमचं तेलही महाग विकलं जातंच, त्यातूनच तो फरक द्यायचा. याला स्वॅप म्हणत. हे काम अर्धेरावांचं, आणि वित्त विभागाचा प्रमुख म्हणून त्यांच्यावर मी. दोघंही सोलापूर जिल्ह्यातले. मी शहरातला, ते सांगोल्याकडचे. मीटिंगमध्ये ते इंग्रजी बोलत, माझ्याशी मात्र गावाकडचं. मला ते 'दादा' म्हणत.

त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. चरायला लांब निघण्याआधी वडील व्यापाऱ्याशी कोकरांचा भाव ठरवून टाकत, पण अर्ध्याच कोकरांचा. "भाव पडला तर अर्ध्यांनी घर चालतंय, चढला तर उरलेल्या अर्ध्यांनी हौस होती," हे त्यांचं शास्त्र. शिवाय एक नियम होता: जे कोकरू डोळ्यांपुढं उभं नाही त्याचा भाव बांधायचा नाही. "दादा, मेंढी गाभण हाय म्हंजे कोकरू हाय असं न्हाय. विहिरीचं बी तसंच की. उद्या तेलाऐवजी पानी वकायला लागली तर बँकेला काय, बादलीभर पानी देताय?" म्हणून ते येणाऱ्या तेलातल्या अर्ध्याचाच भाव बांधत.

त्या अर्ध्यातही ते थोड्या तेलासाठी नुसता भावाचा तळ विकत घेत, म्हणजे पुट ऑप्शन. आधी रक्कम भरायची. भाव तळाखाली गेला तर भरपाई मिळते, वर गेला तर फायदा आपलाच. एका वर्षी भाव पडलाच नाही आणि ती रक्कम फुकट गेली म्हणून एका संचालकानं त्यांना सगळ्यांदेखत झापलं. अर्धेराव शांतपणे म्हणाले, "साहेब, लांडगा आला नाही म्हणून वर्षभर कुत्र्याला घातलेली भाकरी वाया गेली का?" संचालकांना कुत्रा कळेना, लांडगा कळेना. मला कळला. मी हसलो, आणि त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. परक्या मुलखात आपली भाषा कळणारा एक माणूस आहे, याचा त्यांना फार आधार वाटे.

त्यांची आणखी एक शिस्त म्हणजे पिवळी चिठ्ठी. नेहमीच्या अर्ध्यापेक्षा एक पिंप जास्त बांधायला कुणी सांगितलं तरी ते खिशातून पिवळ्या कागदांचं पॅड काढत. काय सांगितलं ते लिहायचं, सांगणाऱ्यानं खाली सही करायची. खुद्द मॅनेजिंग डायरेक्टरनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्या चिठ्ठ्या एका फाइलला लावून ठेवत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अहो, तुमचे वडील व्यापाऱ्याकडून चिठ्ठी घेत होते का?"

"छ्या! टावेलाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, मुंडी हलवली की सौदा पक्का. आपल्यातल्या मानसाकडनं कागद मागितला तर त्यो पुन्यांदा दारात न्हाय यायचा. ह्यो कागद परक्यांसाठी हाय, दादा."

पुढे एकदा आम्ही दोघं गेस्ट हाउसवर जेवत होतो. घरून आलेली शेंगाचटणी होती, कडक भाकरी होती. मी संचालकांना पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाचा एक मोठा आकडा कबूल करून बसलो होतो. त्या दिवसाच्या भावाला जवळजवळ सगळं तेल बांधून टाकलं तर तो आकडा पक्का होणार होता. मी म्हणालो, "अर्धेराव, या वेळी नव्वद टक्के बांधा. सगळं स्वॅपमध्ये."

त्यांचा घास हातातच राहिला. "नव्वद? दादा, दोन विहिरी जुन्या झाल्यात. पोटातलं कोकरू इकाय सांगताय तुमी."

"मी सांगतोय ना."

त्यांनी डाव्या हातानं खिशातलं पिवळं पॅड अर्धवट बाहेर काढलं. मला राग आला. खरं तर भीती वाटली असावी, पण बाहेर आला तो राग. मी म्हणालो, "आता माझ्याकडूनही लिहून घेणार का? एवढा परका झालो मी?"

ते ओशाळले. पॅड परत खिशात गेलं. "तसं न्हाय वो दादा," म्हणाले, आणि चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

पुढे व्हायचं ते झालं. भाव चढत गेला. त्याच वर्षी दोन्ही जुन्या विहिरींतून पाणी येऊ लागलं आणि तेल निम्म्यावर आलं. जे तेल जमिनीतून निघालंच नाही, त्याचाही फरक दर महिन्याला बँकेला द्यावा लागला, आणि तोही खिशातून. कंपनी बुडाली नाही, पण चौकशी समिती बसली.

अर्धेराव फाइल काखेत घेऊन आले. अध्यक्षांनी विचारलं, "अर्ध्याची मर्यादा कुणाच्या सांगण्यावरून ओलांडली?" ते म्हणाले, "आमच्या साहेबांच्या. ते इथेच आहेत, तेच सांगतील." हे म्हणताना ते निर्धास्त होते. खुर्चीतसुद्धा आरामात टेकून बसले होते.

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी म्हणालो, "मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. निर्णय त्यांच्या विभागाचा होता."

"चिठ्ठी आहे का?" अध्यक्षांनी त्यांना विचारलं. प्रत्येक चिठ्ठी लावलेली ती फाइल त्यांनी उघडलीच नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखादा ओळखीचा रस्ता अचानक ओळखू येईनासा व्हावा, तसे ते माझा चेहरा शोधत होते. मग इंग्रजीत म्हणाले, "नाही. चिठ्ठी नाही." त्यानंतर कंपनीत माझ्याशी ते गावाकडचं कधी बोलले नाहीत.

त्यांना काढलं. अहवालात 'सट्टेबाजी' हा शब्द आला. आयुष्यभर ज्यांनी इतरांना, हा सट्टा नाही, ही राखण आहे, असं समजावलं, त्यांच्या नावाला तो शब्द चिकटला आणि त्यांच्याआधी सांगोल्याला पोचला. गावात लोक म्हणत, "तेलात जुगार खेळून आला." दोन वर्षांनी मला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला गेला, आणि भाषणात माझ्या सचोटीचं कौतुक झालं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

चार वर्षांपूर्वी धीर करून सांगोल्याला गेलो. ते जनावरांच्या बाजारात आहेत असं घरी कळलं. पाच-सहा शेळ्या घेऊन उभे होते. टोपी, खांद्यावर टॉवेल. मला पाहून म्हणाले, "या साहेब. इकडे कसे?" 'दादा' नव्हतं.

आणि मी, माफी मागायला गेलेला माणूस, म्हणालो, "शेळी बघायला आलो."

"तिसऱ्या मजल्यावर बांधणार का?" शेजारचा एकजण फिसकन हसला. अर्धेराव हसले नाहीत. मग त्यांनी टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला. तळवा खरखरीत झाला होता. आवाज खाली आणून म्हणाले, "बोला. काय मनात हाय ते बोला, दादा. हितं कुणाला दिसत न्हाय, कुणाला ऐकू जात न्हाय."

ते का बोलले ते मला पुरतं कळलं होतं. मला जे हवं होतं ते त्यांनी हातावर आणून ठेवलं होतं. मी त्यांची बोटं दाबली आणि शेळीचा भाव सांगितला.

त्यांनी हात सोडवून घेतला. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "घ्या सोडून," म्हणाले. मी ती शेळी घेऊन आलो आणि आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला देऊन टाकली.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमी बाजारात आल्तासा त्या दिवशी हे लई येळ अंगनात बसून व्हते. म्हनले, दादा आलं व्हतं. अर्धं अंतर तर आलं." मी तेव्हाही नुसता चहा घेतला आणि निघालो.

म्हणून त्या दिवशी गेस्ट हाउसवर जी लिहून द्यायला हवी होती, ती चिठ्ठी आज देतो. कागद पिवळा नाही, वहीचा आहे.

'पुढच्या वर्षीचं नव्वद टक्के तेल बांधावं. अर्धेरावांनी विरोध केला होता. आदेश माझा.' खाली माझी सही.

अर्धेराव, त्या दिवशी टॉवेलाखाली मला हेच सांगायचं होतं. मला सगळं आठवत होतं. मला माफ करा.