मेणावर कुंकू

महाराजांचं राज्य होतं तेव्हा. आज जिथं राजारामपुरी आहे तिथं नुसतं गवत डुलायचं, आणि कोल्हापुरात मोटार आली की बायका पोरं कडेवर घेऊन दारात यायच्या. मी बग्ग्यांना रोगण लावायचो. हातात कसब होतं आणि नाकावर राग. एका जहागीरदारांची नवी काळी मोटार बोटीच्या प्रवासात खरवडली होती. दसऱ्याच्या मिरवणुकीत ती झळकायला हवी, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

ते दिवस अजून स्वप्नासारखे डोळ्यांपुढं येतात. गाडीखान्यात धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं, दारांना ओले पडदे, आणि मधोमध ती मोटार, विहिरीतल्या पाण्यासारखी काळीशार. जवसाचं तेल कढवायचं, त्यात चंद्रसाची राळ विरघळवायची, त्या रोगणाचा पातळ हात द्यायचा. वाळला की ओल्या बनातीच्या फडक्यानं घासायचा आणि पुढचा हात द्यायचा. प्रत्येक हातागणिक काळा रंग खोल खोल होत जायचा. मेण सगळ्यात शेवटी. मला शिकवणारे उस्ताद बजावायचे, "मेण लावलंस की दार लागलं बघ. त्यावर काय धरत न्हाय."

मेण निवडायची माझी बायको. मी तीन वड्या घरी नेल्या होत्या. तिनं एकेक हुंगली, बोटावर घासून बघितली आणि बावड्याच्या रानातली पिवळीजर्द वडी पुढं सरकवली.

"ही लावा. हिला मधाचा वास हाय."

तिची निवड कधी चुकायची नाही.

मिरवणुकीत मोटारीत पुढं बसायचं आणि वाटेत धूळ पुसायची, हे कामही माझ्याकडंच आलं. मी हरखून गेलो. ती मात्र धास्तावली. बिनघोड्याची गाडी, उधळली तर लगाम कोण ओढणार? घट बसले त्या दिवशी ती भाकरी घेऊन आली. मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात तिनं मोटारीच्या नाकाडावर तेलात कालवलेलं कुंकू ओढलं. पाची बोटं! तिसरा हात अजून ओला होता. कुंकू आत मुरलं.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" मी चार माणसांत ओरडलो. "आठ दिवसांची माती केलीस!"

"तुमच्यासाठी लावलं की," एवढंच ती म्हणाली. भाकरीचं फडकं तिथंच ठेवून निघून गेली.

मी ती बोटं घासून काढली, पुन्हा दोन हात दिले. घरात अबोला. ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही. चूक मला कळत होती, पण आमचा ताठा! पाच दिवसांनी मेण लावलं, तिनंच निवडलेलं. मऊ फडकं गोल गोल फिरवताना मधाचा वास सुटला. काळ्या रंगात माझं तोंड दिसायला लागलं, मागच्या दाराचा उजेड दिसायला लागला. सारखं वाटायचं, आता ती त्या दारातून येईल आणि तिचंही तोंड यात दिसेल. ती आली नाही. जीव नुसता तुटत होता.

खंडेनवमीला गाडीखान्यात वाहनांची पूजा असते. सकाळी मीच तिला म्हणालो, "चल. तुझ्या हातानं कुंकू लाव. न्हायतर मी मोटारीत बसत न्हाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि पदर सावरून निघाली.

कुंकू या खेपेला पाण्यात कालवलं होतं. तिनं बोटं ओढली. थेंब गोळा झाले आणि घरंगळून खाली पडले. तिनं दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. खाली फरशी लाल झाली, मोटार मात्र कोरी. मेणानं आपलं काम चोख केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवाच्या मनात न्हाय," ती पुटपुटली.

जहागीरदार दहा पावलांवर उभे होते. मी टर्पेंटाईनची चिंधी उचलली आणि त्या लखलखीत नाकाडावर तळव्याएवढी जागा खसाखसा घासली. मेण गेलं, चमक गेली, तिथं निस्तेज डाग पडला.

"अरे, अरे! काय करतोस?" जहागीरदार ओरडले.

"जागा करतोय, सरकार."

मग मी तिच्याकडं वळलो.

"लाव आता. पाची बोटं लाव."