फेस बायकोचा

“फेस माजो, बियर तुमची. आदीच सांगतंय!” पुढच्या बाकावरची बाई नवऱ्याला म्हणाली आणि दोघं खुसखुसली.

तेव्हा आपल्याकडे दारूबंदी, म्हणून तारकर्लीचं हे पन्नाशीचं जोडपं महिन्यातून एकदा मालवणहून एस.टी.नं गोव्यात म्हापशाला जाई. दर खेपेला नवा बार. ती अबोलीची वेणी माळून, तो कडक इस्त्रीचा सदरा घालून. त्याच गाडीनं मी सावंतवाडीला मावशीकडे जायची आणि वाटभर त्यांच्याकडे चोरून बघायची.

त्या दिवशी ती एकदम वळली. “येतंस गो आमच्यावांगडा? नुसत्या बघून बघूनच तू अर्धी बाटली संपयलंस!”

कंडक्टर समोर उभा राहिला. मावशी वाट बघत असणार.

“खंय?” त्यानं विचारलं.

मी मोठ्यानं म्हणाले, “एक म्हापसा.”