दोनदा भरलेला चुडा

पोलीस खात्यात तेहेतीस वर्षं काढली. खून पाहिले, दंगली पाहिल्या, पण झोप उडवणारं प्रकरण कोणतं असं कुणी विचारलं तर मी एका आवाजाबद्दल सांगतो. बंद दारामागे काचेच्या बांगड्या फुटल्याचा आवाज. तो माझ्या या कानांनी ऐकला होता आणि तरीही मी हातातला चहा संपवला होता.

मी तेव्हा हैदराबादच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून खुर्चीत बसलो, तोच ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, एक बाई सकाळी सातपासून बाकावर बसून आहे, अर्ज लिहून आणलाय, पण तो कुठल्या खात्यात घ्यावा ते कळत नाही.

बाई पस्तिशीच्या आसपास, तेलुगू, एका बँकेत नोकरीला. बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत तिच्याबरोबर आणखी एक बाई राहायची, मराठी, शाळेत शिक्षिका. अकरा वर्षं दोघी एकत्र राहत होत्या. शिक्षिकेचं माहेर काचीगुड्याला. आई आजारी आहे असा फोन आला म्हणून ती गेली आणि परत आलीच नाही. फोन बंद. शाळेतही रजेचा अर्ज नाही. आज नववा दिवस.

"तुम्ही त्यांच्या घरी गेला होता?"

"दोनदा गेले सर. भाऊ दार उघडत नाही. आतूनच बोलतो, ती गावाला गेली." ती मराठी बोलत होती, थोडी अडखळत, पण नेटाने. मी कौतुकाने विचारलं, मराठी कुठे शिकलात? "तिनेच शिकवलं," ती म्हणाली.

मग मी तो प्रश्न विचारला. तेहेतीस वर्षांत हजारदा विचारला असेल.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

तिने मान खाली घातली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "सर, टीव्हीवर सुप्रीम कोर्टाचं चालू आहे ना, दोन बायकांचं लग्न होऊ द्यावं का म्हणून? आम्ही तशा आहोत. तेच तिने वडिलांना सांगितलं. कायदा झाला तर पहिल्या दिवशी नाव नोंदवू म्हणाली. त्याच्यानंतर आईला बरं नाही म्हणून फोन आला."

अंमलदार खिडकीबाहेर बघू लागला. मीसुद्धा कागद चाळल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला अवघडल्यासारखं झालं होतं. मी तिला सांगितलं की बेपत्ता झाल्याची तक्रार घरच्यांनी द्यायची असते. हे चूक होतं. कुणाला डांबून ठेवलं असेल तर तो दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याची खबर रस्त्यावरचा कोणीही माणूस देऊ शकतो, हे नव्या कॉन्स्टेबलला मी स्वतः शिकवत असे. पण मला त्या अर्जातून सुटायचं होतं. शेवटी "चौकशी करतो" म्हणून कागद ठेवून घेतला आणि स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद केली. ती परत बाकावर जाऊन बसली.

आता माझी चूक सांगतो.

मी त्या घराला ओळखत होतो. हैदराबादेतली जुनी मराठी घरं एकमेकांना ओळखतात. निजामाच्या काळात मराठवाड्यातून आलेली, शेतीवाडी सोडून इथे नोकरी-धंद्यात रुजलेली ही माणसं. गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभं राहायचं, पोरांच्या मुंजीला, लग्नाला जायचं. शिक्षिकेचे वडील आमच्या मंडळातले ज्येष्ठ, सगळ्यांच्या पंगतीत वाढायला पुढे असणारा माणूस. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दिवसभर पाहुण्यांची सरबराई केली होती. अशा घरी पोलीस म्हणून कसं जायचं? मंगळवारी दुपारी मी साध्या कपड्यांत, एकटा, आणि आधी फोन करून गेलो. इतर कुठल्याही प्रकरणात असं केलं असतं तर मीच माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याची खरडपट्टी काढली असती.

"या या साहेब! बसा की हो. वाट चुकलात काय?" वडिलांनी हाताला धरून सोफ्यावर बसवलं. आईने पोहे आणले. आजारी वगैरे दिसत नव्हती. तिने चहाचं विचारलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "साखर कमी, वहिनी."

मुलीचं विचारलं. परभणीला मामाकडे गेली आहे, जरा आराम हवा होता, असं वडील म्हणाले. मी मान डोलावली. चहाचा कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात आतल्या खोलीकडून दारावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग परत. आणि त्याच्यामागोमाग काच फुटल्याचा, बारीक, लागोपाठ.

आई उठून आत गेली. "मांजर हो, कपबशी पाडली असेल," असं म्हणत वडील हसले. भाऊ हसला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून माझ्या कपाकडे बघत होता. हे मला तेव्हा दिसलं होतं. नुसतं कपाळ बघून पाकीटमार ओळखणाऱ्या मला. मी उरलेला चहा प्यायलो, वडिलांना नमस्कार केला आणि ठाण्यात येऊन लिहिलं, 'घरच्यांकडे चौकशी केली, मुलगी नातेवाइकांकडे सुखरूप.' बाकावरच्या बाईला तेच सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही तिला बघितलं का सर?" मी म्हणालो, "तिचे वडील सांगतात ना."

ती उठून गेली नाही. बुधवारीही बँकेतून रजा घेऊन दिवसभर बसली.

गुरुवारी सकाळी सुलतान बाजारातली चुडीवाली आपा ठाण्यात आली. साठी उलटलेली, पायाने थोडी अधू, पण हात असे की बायकोच्या शब्दांत सांगायचं तर आपाने बांगडी चढवली की दुखतही नाही. आमच्या बहुतेक मराठी घरांत लग्नाचा हिरवा चुडा तीच भरायची. माझ्या मुलीलाही तिनेच भरला होता. ठाण्याची पायरी मात्र ती आयुष्यात पहिल्यांदाच चढत होती. मी खुर्ची दिली, तरी ती काठावरच बसली.

"साब, मेरा नाम नक्को आने दो. तुमारेच लोगां हैं, मेरा धंदा बैठ जाएगा."

"नाही येणार आपा. बोला."

"चालीस साल से चूड़ियां पिनारई मैं. एकीच दुल्हन कू एकीच हफ्ते में दो बार चुडा, ऐसा कब्बी नै हुआ." तिने घर सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

सोमवारी तिला बोलावलं होतं. लग्न शुक्रवारी, गावाकडे, घाईत ठरलेलं. नवरीचा हात आईने धरून ठेवला होता आणि नवरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. लग्नघरी मुली रडतात, आपाला त्याचं काही वाटलं नाही. पण बुधवारी परत निरोप आला. गेली तर पहिला चुडा सगळा फुटलेला, मनगटांवर कापल्याच्या खुणा, त्यांवर हळद दाबलेली. चुडा लग्नाआधी असा फुटला तर आपल्याकडे ती गोष्ट शेजारच्यांनाही कळू देत नाहीत. दुसरा भरताना आई कुंकवाचा करंडा आणायला उठली आणि तेवढ्यात ती मुलगी आपाच्या कानाशी बोलली.

"क्या बोली?"

"बोली, आपा, पुलिस आई थी घर को. मैं दरवाजे पो हाथां मार मारके चूड़ियां तोड़ ली. वो चाय पीके चली गई." आपाने माझ्याकडे पाहिलं. "कौन था साब वो? तुमारेच ठाणे का था क्या?"

लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं. तोंड धुण्याच्या निमित्ताने उठलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

मग कामाला लागलो. आधी सोमवारचा अर्ज काढून त्यावर गुन्हा नोंदवला. फिर्यादी म्हणून बाकावरच्या बाईचं नाव घातलं. नंतर भावाला दुकानातून ठाण्यात आणवलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. ओरडल्याने माणूस तोंड मिटून बसतो. साध्या गोष्टी विचारत राहायचं. बहीण कुठे? परभणीला. कधी गेली? कुठल्या गाडीने? स्टेशनवर कोणी सोडलं? डब्यात जागा कशी मिळाली? तो धडाधड सांगत गेला. खरं बोलणारा माणूस अशा ठिकाणी अडतो, डोकं खाजवतो, आधीचं खोडून नवं सांगतो. पाठ करून आलेला अडत नाही. मी त्याच्याच फोनवरून मामाला फोन लावायला लावला. मामा म्हणाला, हो, आहे इथेच. फोन द्या म्हटलं तर म्हणाला, अंघोळीला गेलीय. मी म्हटलं, थांबतो. तिकडून फोन बंद झाला.

"अंघोळ लांबली वाटतं," मी म्हटलं. "बरं, मग काचीगुड्याला तुमच्या घरी चुडा कोणाला भरला? तोही दोनदा?"

त्याचा मघापासून हलणारा पाय थांबला. मग तो म्हणाला, "साहेब, तुम्ही येऊन गेलात ना, तेव्हा बाबा म्हणाले, आता घाबरायचं कारण नाही. साहेब आपलेच आहेत."

त्या वाक्याचा मला राग आला, आणि तो त्याच्यावर नव्हता.

दुपारी चार वाजता मी वर्दीत, दोन महिला कॉन्स्टेबल आणि पंच घेऊन त्या घरी गेलो. वडील सोफ्यावरून उठलेच नाहीत. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. ती मीच काढली. शिक्षिका पलंगावर बसली होती, कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टोपीकडे.

आईने माझ्यापुढे पदर पसरला. "भाऊजी, तुमची लेक असती तर? लोकांत तोंड दाखवायला जागा नाही राहायची हो."

माझी लेक असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी फक्त म्हणालो, "वहिनी, ती सज्ञान आहे." मग मुलीला विचारलं, "कुठे जायचंय तुम्हाला?"

"घरी."

"हे घरच आहे तुझं," वडील बाहेरून म्हणाले. आवाज चिरका झाला होता. माणूस दुष्ट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की ते मुलीला वाचवतायत. वाईट माणसाला अटक करणं सोपं असतं, अशांना करताना हात जड होतो.

"बरकतपुऱ्याला," ती म्हणाली.

ठाण्यात तिचा जबाब महिला कॉन्स्टेबलने घेतला. तोवर ती तेलुगू बाई बाकावरून उठून दारात येऊन उभी राहिली होती, आत यायची परवानगी मागत. मी खुर्ची सरकवली. मला वाटलं होतं दोघी गळ्यात पडून रडतील. तसं काही झालं नाही. तिने शिक्षिकेचे हात बघितले आणि कॉन्स्टेबलला विचारलं, "साबण आहे का?"

बेसिनपाशी उभ्या राहून तिने साबणाचा फेस करून एकेक बांगडी काढायला सुरुवात केली. कॉन्स्टेबल म्हणाली, फोडून टाका ना, पटकन होईल. ती म्हणाली, "नको, परत लागेल तिला." अर्धा तास लागला. एकही फुटली नाही. सगळ्या माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि मी त्या मुद्देमालात घेतल्या.

पुढे शिक्षिकेने वडिलांविरुद्ध प्रकरण ताणलं नाही. मंडळाच्या गणपतीत आता मला आरतीचं ताट कोणी देत नाही. ते माझ्या वाट्याचं आहे, तक्रार नाही. मात्र त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी चौकशीला गेलेल्या घरी पाणीसुद्धा प्यायलो नाही. काही महिन्यांनी कोर्टाचा निकाल आला. अशा लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते संसदेने ठरवावं, असं सांगितलं गेलं. टीव्हीसमोर बसलो असताना मला ते बेसिन आठवलं.

गेल्या वर्षी एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. शिक्षिका होती. तिच्या जोडीदारिणीच्या स्कूटरला अपघात झाला होता, ती शुद्धीवर नव्हती, ऑपरेशन करायचं होतं. संमतीसाठी नातेवाईक हवा. तिला आईवडील नाहीत, भाऊ परदेशात, त्याचा फोन लागत नाही. "साहेब, इथे मला परत विचारतायत. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी रिक्षा करून गेलो. काउंटरवरच्या माणसाला निवृत्त इन्स्पेक्टर म्हणून ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं की याच त्यांच्या घरच्या. तो लगेच उठून उभा राहिला. शिक्षिकेची सही घेतली, खाली साक्षीदार म्हणून माझी. मी त्या बाईचा कोणीही नव्हतो. पण माझं कार्ड चाललं आणि जिने तिच्याबरोबर आयुष्याची बारा-तेरा वर्षं काढली, तिचा शब्द चालला नव्हता. मी त्या सोमवारीच अर्जावर गुन्हा नोंदवला असता तर शिक्षिकेच्या हातांवर ते वण राहिले नसते. आता त्या काउंटरमागे तसाच एक प्रामाणिक कारकून बसला होता, माझ्यासारखाच, नियम पाळणारा.

ऑपरेशन तीन तास चाललं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. त्या सोमवारी ती तेलुगू बाई अशाच बाकावर बसली होती, हे मी पूर्ण वेळ विसरू शकलो नाही. डॉक्टर बाहेर येऊन धोका टळला म्हणाले, तेव्हा शिक्षिका उठून कुठेतरी गेली. परत आली ती दोन कप घेऊन. बाही वर सरकली होती, मनगटावरच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "साखर कमी सांगितली आहे."

हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. त्या दाराला कान लावून तिने माझा शब्द न् शब्द ऐकला होता.

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. कप घेतला आणि तिच्याशेजारी बसून तो चहा प्यायलो.