खरंच दुखतंय

"नाच," मालक म्हणाला.

माझी बहीण द्राक्षाच्या मांडवाखाली जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. सकाळची वेळ, निफाडकडची ती थंडी. आम्ही डोंगरातली कोकणा आदिवासी माणसं. भात कापून झालं की दरवर्षी गोदावरीकाठच्या बागांवर मजुरीला उतरायचो, सायखेड्याच्या बाजूला. त्या दिवसांत घड औषधात बुडवायचं काम चालू होतं. मगात औषधाचं पाणी घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवायचा. पाणी कोपरावरून काखेपर्यंत ओघळतं. बहिणीचा झंपर भिजून अंगाला चिकटला होता.

तिचं नाव यमुना. घरात यमी. मी बारकी.

यमीची हाडं दुखायची. कधी पाय, कधी हात, कधी पाठ. का दुखतात ते आम्हाला माहीत नव्हतं. आई हळद लावायची, बाप भगताकडे न्यायचा. त्या सकाळी ती रडत पण नव्हती. नुसती बसली होती.

मालकाबरोबर शहरातले पाहुणे होते. बाग बघायला आलेले. पांढरे बूट घालून चिखलात जपून पाय टाकणारे. त्यांच्यापुढे मालकाला चेव चढला.

"लय नाटकं झाली हिची. काल पाय दुखत व्हता, आज हात. जत्रंत रातभर नाचता तवा नाय दुखत? चल, ऊठ. नाच. नाय तं गाठोडी बांधा अन् समदे घरी जा."

आईने हात जोडले. बाप औषधाचा मग हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला. माझा बाप पावरी वाजवायचा. पावरी म्हणजे भोपळ्याचं आणि शिंगाचं आमचं वाद्य. आजूबाजूच्या पाड्यांवर त्याच्याशिवाय लग्न लागायचं नाही. मालकाला ते ठाऊक होतं.

"तू वाजव," तो बापाला म्हणाला. "पावरी नाय? मग तोंडानं वाजव."

बापाने तोंडाने चाल धरली. आईने टाळ्या धरल्या. यमी मांडवाच्या तारेला धरून उठली आणि नाचली.

आमचा नाच एकट्याचा नसतो. एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करायची, आणि मग पाय टाकायचा. एकटं कुणी नाचत नाही. यमी एकटी नाचली. एक हात स्वतःच्याच कमरेवर ठेवून. पाहुणे हसले. एकाने टाळ्या वाजवल्या, त्या पण तालात नव्हत्या.

नाच झाल्यावर मालक पाहुण्यांकडे वळला. "बघा. काय दुखतंय हिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. श्वास घेता येईना. माझा हात धरून म्हणाली, "बारके, खरंच दुखतंय गं." मला. माझ्यासमोर तिला खरंच म्हणावं लागलं. टेम्पो येईपर्यंत ती गेली.

आम्ही तिला डोंगरात आणलं. बापाने घरात शिरल्या शिरल्या पावरी आढ्याला टांगली. ती अजून तिथेच आहे.

पुढे आश्रमशाळा, मग वसतिगृह, मग मेडिकल कॉलेज. तिथे काय काय ऐकलं ते सांगत बसत नाही. कोट्यातली, जंगलातली, सगळं ऐकलं. गिळलं. पण एक दिवस सांगायलाच हवा. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. काचेवर कुणाचं तरी रक्त. तांबड्या पेशी गोल असतात. या वाकलेल्या होत्या, विळ्यासारख्या. सर समजावून सांगत होते. सिकलसेल. आईबापाकडून रक्तातून येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, आणि हाडात भयंकर कळा येतात. आपल्या डोंगराळ भागात खूप आढळतो. थंडी, ओलं अंग, दमणूक, यांनी कळा उठतात. कधी फुफ्फुसात अडकून माणूस दगावतो. असा रुग्ण आला तर त्याला ऊब द्या, पाणी द्या, आराम द्या.

ऊब द्या. पाणी द्या. आराम द्या.

मी तिथेच हमसून रडायला लागले. सगळे बघत होते. कुणीतरी म्हणालं, हिला झेपत नाही. मी डोळा पुन्हा काचेला लावला. यमी, तुझं खरं होतं. तुझं सगळं खरं होतं गं.

एमडी मेडिसिन केलं आणि नाशिकची चांगली नोकरी सोडून डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे एक गोष्ट रोज ऐकायचे. बाकीच्या जगातला पेशंट म्हणतो, दुखतंय. आमचा पेशंट म्हणतो, "खरंच दुखतंय हो मॅडम." डॉक्टरने काही विचारायच्या आधीच तो शपथेवर येतो. म्हाताऱ्या, पोरी, सगळे. मी त्यांना सांगायचे, मला पटवू नका, नुसतं सांगा. तरी पुढच्या वेळी आले की पुन्हा खरंच.

पटलं तरी मी काय देणार होते? कळा कमी करणारं औषध महिनोन् महिने यायचं नाही. रक्त ठेवायचा फ्रिज होता, पण तो बंद. रक्त लागलं की पेशंट घाट उतरून नाशिकला पाठवायचा. काही पोचायचे. काही वाटेतच जायचे. मी वर लिहून लिहून दमले. मग माझ्या डोक्यात शिरलं की हा फ्रिज डॉक्टरच्या हाताने चालू होणार नाही. त्याचं बटण सभागृहात आहे.

म्हणून मला आमदार व्हायचं होतं. सरळ सांगते. यात मला कसली लाज वाटत नाही.

आमची जागा राखीव. एका पक्षाचे साहेब शिकलेला चेहरा शोधत होते. माझ्याकडे आले, गोड बोलले. म्हणाले, दवाखान्याचं सगळं करू, तुम्ही फक्त या. मी नोकरीचा राजीनामा दिला. नाशिकला आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात माझं नाव जाहीर होणार होतं. बापाला नवं धोतर घेतलं. त्याला पहिल्या रांगेत बसवलं, खुर्चीवर.

स्टेजवर एका कार्यकर्त्याने माझ्या डोक्यावर मोरपिसांचा टोप ठेवला. आमच्याकडे असला टोप कुणी घालत नाही. बाजारातून आणलेला होता, आतून दोरा टोचत होता. मी तो राहू दिला. म्हटलं, फ्रिज चालू होणार आहे, सोस. खाली पावरीवाले उभे होते. मग साहेबांनी माइक घेतला.

"आता आमच्या डॉक्टर ताई पाहुण्यांसाठी दोन पावलं नाचून दाखवतील. अहो, यांच्या रक्तातच नाच आहे!"

टाळ्या. कॅमेरे. पावरी सुरू झाली.

आमच्या रक्तात काय आहे ते मी काचेवर पाहिलं होतं.

मी खाली बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. अगदी तसाच. नव्या धोतरात, खुर्चीवर बसून, माझा बाप पुन्हा त्या बागेत उभा होता.

मी टोप काढला. साहेबांच्या हातातला माइक घेतला. 

"माझी बहीण नाचली होती. मी नाचणार नाही."

एवढंच. लोकांना काही कळलं नाही. साहेबांना मात्र कळलं. माझ्या कानाशी येऊन हसत हसत म्हणाले, "दोन मिनिटांचा प्रश्न होता मॅडम. एवढा माज बरा नव्हे." त्या सभेत माझं नाव जाहीर झालं नाही. तिकीट दुसऱ्याला गेलं. तो छान नाचला.

मी अपक्ष उभी राहिले. पडले. नोकरी गेली होती, मग झोपडीवजा जागेत दवाखाना टाकला आणि पाड्यापाड्याने फिरले. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहिले. निवडून आले.

निकालाच्या दिवशी पोरं पावऱ्या घेऊन दारात आली. मला साखळीत ओढायला लागली. किती प्रेमाने! माझे पाय उचललेच नाहीत. यमी गेल्यापासून मी एकाही लग्नात नाचलेले नाही. बाप आत गेला आणि दार लोटून बसला. आमच्या घराचा नाच त्या मालकाने नेला, आणि तो मला कुठल्याही सभागृहातून परत आणता येणार नाही. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल.

पहिल्याच अधिवेशनात मी प्रश्न दिला. सभागृहात प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा असते. डोंगराळ भागातील सिकलसेलच्या रुग्णांना औषध व रक्त मिळत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?

छापील उत्तर हातात आलं.

हे खरे नाही.

आणि त्याखाली, दुसऱ्या भागाला: प्रश्न उद्भवत नाही.

मी ते वाचलं आणि मला मांडव दिसला. पांढरे बूट दिसले. काय दुखतंय हिला? भाषा तेवढी इस्त्रीची होती. मी बोलायला उभी राहिले. "अध्यक्ष महोदय, त्या दवाखान्यात मी स्वतः..." मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, इंजेक्शन देऊन टाका!" हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "उत्तर आलेलं आहे. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं." माइक बंद झाला. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

त्या संध्याकाळी आमदार निवासातून बापाला फोन केला. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "ती ऊठ म्हणल्यावर उठली, बारके."

आणि मी बसा म्हटल्यावर बसले होते. 

प्रश्न मी पुन्हा दिला आहे. तोच. एक शब्द बदललेला नाही. उत्तरही तेच येईल, मला माहीत आहे. हे खरे नाही. मग मी उभी राहीन. औषधाचं रिकामं कपाट आणि बंद फ्रिज मला तिथे नेता येत नाहीत. मी फक्त यमीचं नाव घेणार आहे, आणि तिच्यामागे वाटेत गेलेल्या प्रत्येकाचं. एकेक करून. माइक बंद करतील. माझा आवाज डोंगरातला आहे, या पाड्यावरून त्या पाड्यावर जाणारा. हसतील. हसू देत. मार्शल बोलावतील. बोलावू देत.

माझ्या बहिणीला दुखत होतं तेव्हा यांनी तिला उठवलं. आता मला खाली बसा म्हणतील.

मी बसणार नाही.