दोन फवारण्यांमधलं अंतर

मला मेलीला शिकवायची भारी हौस. दिवाळीत गावी, ताडकळसला गेले तेव्हा आईचे दोन किमो झाले होते, तिसऱ्याची तारीख परभणीच्या दवाखान्यानं दिलेली. केस गेलेले, तोंड आलेलं, पाण्याचा घोटही उतरेना. मला बघवेना, म्हणून मी माझ्या कामाचं सांगत बसले.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन रसायनं घडवतो. रक्तात हजार गोष्टी असतात, पण ही दोघं कुणाकडे ढुंकूनही बघत नाहीत, फक्त एकमेकांशीच जुळतात. एक आधी कॅन्सरच्या गाठीपाशी नेऊन बसवायचं. दुसऱ्यासोबत औषध, तेही झोपलेलं. दोघं भेटली की औषध जागं होतं, तिथल्या तिथं.

"म्हंजी सोयाबीनातल्या तणनाशकावानी," आई म्हणाली. "गवत तेवढं मरतंय, सोयाबीनला धक्का न्हाई."

"अगदी बरोबर!" मी टाळीच दिली. हे सगळं अजून उंदरांवर चाललंय, माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील देव जाणे, हे मात्र गिळून टाकलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता हो!

वडील गेल्यापासून आई एकटीच राहते. फोनवर विचारलं की म्हणायची, "समदं बराबर हाय." संक्रांतीला आले तर डोक्यावर बारीक केस उगवलेले, ताटात भाकर आणि ठेचा. मी खूष. तिला तपासायला घेऊन गेले तर डॉक्टर माझ्यावरच उखडले. तिसऱ्या किमोला ह्या आल्याच नाहीत, गाठ वाढलीय, तुम्ही शिकलेली माणसं काय करत होतात?

बाहेर बाकावर मी तिच्यावर ओरडले. चार लोकांत, आजारी आईवर. माझी मलाच लाज वाटते.

"दोन फवारण्या लागोपाठ करतेत का, माय? पीक जळतंय," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "मधी अंतर सोडावं लागतंय. तुझं औषध यायलंय, म्हून आंग मोकळं ठिवलं."

मग मी सगळं सांगितलं, उंदरांसकट. माझं औषध येणार नव्हतं, तिच्यासाठी तर नाहीच. सांगताना मला रडू आवरेना. उद्यापासून पुन्हा किमो घ्यायचा, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

"घेते की," ती म्हणाली. मग माझे डोळे पुसत हळूच बोलली, "मला आपलं वाटलं, समदी गाठ दवाखान्याच्याच औषधानं गेली, तर तुझ्या औषधाला काय ऱ्हाईल?"