गोलकीपरची पाठवणी

आमचा गोलकीपर नानांनी धुळ्याला देऊन टाकला, ही बातमी मला न्हाव्याकडे कळली. अर्ध्या दाढीनेच उठलो.

नाना म्हणजे कापसाच्या जिनातले मुकादम आणि आमच्या जळगावच्या फुटबॉल संघाचे सर्वेसर्वा. चेंडू त्यांचा, जिनामागचं मैदान त्यांच्या ताब्यात. कोण कुठे खेळणार हे तेच ठरवत. आम्ही फक्त ओट्यावर बसून वाद घालायचा. तो आम्ही महिनाभर घातला. गोलकीपर पाचोऱ्याकडचा, अनवाणी खेळणारा, जिनात दिवसभर कापसाची ओझी झेलणारा. त्याच्या हातून चेंडू सुटलेला मी पाहिला नव्हता. असा माणूस कोणी देतं? आणि बदल्यात घेतलं काय, तर बूटवाला फॉरवर्ड! कोणी म्हणे, नाना पुढचा विचार करतात. मी म्हणालो, नानांचं डोकं फिरलंय.

बूटवाला आला तो थेट नानांच्या घरीच उतरला. दुपारी ताणून द्यायचा आणि संध्याकाळी मैदानावर चेंडू आपणहून पायाशी येण्याची वाट पाहायचा. एकदा मी ओरडलो, "अरे, पळ की जरा!" तर नाना माझ्याच अंगावर धावून आले.

"त्याले काही बोलू नको. आंडेरना सासरना माणूस शे तो."

नानांची आंडेर, म्हणजे लेक, धुळ्याला दिलेली आणि तिचा सासरा तिथल्या संघाचा म्होरक्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणून मैदानातही वरपक्षाचा मान राखायचा? चेंडूसुद्धा त्याला ताटात वाढल्यासारखा द्यायचा? माझं डोकं तापायचं.

चैत्रात धुळ्याशी सामना झाला. आमच्याच गोलकीपरने आमचा एकही गोल होऊ दिला नाही, वर चेंडू झेलला की माझ्याकडे बघून हसायचा. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? धाडलं तिथे तो नांदत होता. बूटवाला ऊन लागतं म्हणून अर्ध्यातच सावलीत जाऊन बसला. आम्ही सपाटून हरलो.

अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या दिवशी, मी नानांकडे गेलो, संघ सोडतो हे तोंडावर सांगायला. दारातल्या निंबाला झोका बांधला होता आणि त्यावर त्यांची लेक उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. गेल्या आखाजीला नाना तिला आणायला गेले होते आणि एकटेच परतले होते, हे अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, सांजोरी पुढे करताना सांगितलं.

त्याच पुढे म्हणाल्या, "औंदा त्यास्नी गोलकीपर मांगा. दिधा. काय करतात मंग?"

एवढंच? आक्रमण काय, बचाव काय, महिनाभर घसे कोरडे केले ते ह्यासाठी? सांजोरी माझ्या हातातच राहिली.

"नाना, आधी बोलायचं होतं हो!"

नाना झोक्याचा दोर चाचपत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी व्याह्यांचा निरोप सांगितला, "याही म्हनतस, दिवाळीले बी धाडसूत पोरले." मग दोराची गाठ आवळत, "पन आते त्यास्ले हाफबॅक जोयजे."

संघात हाफबॅक एकच होता, तो मी.

लेक उंच झोका घेत मोठ्याने गात होती. मी कपाळावर हात मारला. तोंडाला येईल ते नानांना बोललो. सगळं बोलून झाल्यावर मीच विचारलं, "कधी निघू?"