हिरवी की लाल

वाचकांनी कृपया बसून घ्यावे, बातमी गंभीर आहे: आमचे मित्र आप्पा आपल्या दोन जुन्या गाड्यांपैकी एक विकणार आहेत. दोघींचे क्लच दाबणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

दसऱ्याला घातलेले झेंडूचे हार वाळले, तरी दोघींच्या नाकावर तसेच होते. हिरवी इंग्लंडची. उभ्या जागी तेल गाळते, म्हणून खाली कायम एक जुनी परात असते. पण रस्त्यात ती कधी थांबलेली नाही. लाल इटलीची. सुरू होताच गाऊ लागते आणि भर घाटात रुसून बसते. मला वाटलं, एका देशाने कर्तव्याला चाकं लावली, दुसऱ्याने लहरीला. उतारवयात माणसाने सोबत कुणाची धरावी?

गिऱ्हाईक दारात उभं होतं. आप्पांनी लाल गाडीचा हार उतरवायला घेतला. शहाणपणाचं तेच होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. या दोघींना आयुष्यभर सवती म्हणत आलेल्या वहिनी हार पाहून थबकल्या, आणि परक्या माणसासमोर बोलून गेल्या,

"अहो, लाल नका देऊ. ती बंद पडली की मेकॅनिक येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलत बसायचात."